मिक्सर बंद ठेवायचा हंगाम

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पुण्याहून आलेले पाहुणे विचारतात, मैत्रिणींची कॉलेजात जाणारी मुलं विचारतात, एकदा तर दात साफ करता करता डेंटिस्टने विचारलं होतं, आणि तोंडात नळी असल्यामुळे उत्तर देता आलं नव्हतं. प्रश्न असा: सॅन फ्रान्सिस्को जायंट्स हा आमचा बेसबॉल संघ २०१०, २०१२ आणि २०१४ असा तीनदा चॅम्पियन झाला, ते तिन्ही हंगाम मी पाहिले, आणि तरी आवडता हंगाम म्हणून २००५ चं नाव का घेते? त्या वर्षी संघ ७५ सामने जिंकला आणि ८७ हरला. ज्याच्यासाठी गाव स्टेडियमकडे धावायचं तो बॅरी बाँड्स १६२ पैकी फक्त १४ सामने खेळला. मग त्यात आवडण्यासारखं काय होतं?

उत्तर मिक्सरपासून सुरू होतं.

मी २००१ च्या मार्चमध्ये डोंबिवलीतून सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सॅन मटेओला आले. डिपेंडंट व्हिसा, म्हणजे नोकरी करायची परवानगी नाही. डोंबिवलीत सहकारी बँकेत आठ वर्षं काढलेली बाई इथे दुपारी बारा वाजता भिंतीकडे बघत बसलेली. नवऱ्याने गराज सेलमधून एक रेडिओ आणला होता, त्यावर केएनबीआर हे स्टेशन खणखणीत लागायचं. स्वयंपाक करताना जॉन मिलरचं समालोचन ऐकत मी इंग्रजी कान तयार केला, आणि बेसबॉलही. लहानपणी बाबा आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन लावायचे, त्यामुळे न दिसणारा खेळ डोळ्यांसमोर उभा करायची सवय होतीच.

मिक्सर मात्र इकडचा नव्हता. लग्नात मिळालेला, तीन भांड्यांचा, तो ट्रान्सफॉर्मर लावून चालवायचा. तो सुरू झाला की रेडिओवर अशी खरखर व्हायची की जॉन मिलर अरबी समुद्रात बुडाल्यासारखा वाटायचा. त्यामुळे एक शिस्त आपोआप लागली. बाँड्स बॅटिंगला आला की मिक्सर बंद, फोडणी थांबवलेली, गॅस बारीक. तो गेला की वाटण. संघात नऊ जण बॅटिंग करतात हे मला ठाऊक होतं, पण बाकीचे आठ जण माझ्यासाठी खोबरं, मिरच्या आणि आलं-लसूण होते.

याला माझा दोष कमी आणि त्याचे आकडे जास्त कारणीभूत. २००१ मध्ये, म्हणजे मी आले त्याच वर्षी, त्याने ७३ होम रन, म्हणजे आपल्या षटकारासारखे थेट मैदानाबाहेरचे फटके, मारले. एका हंगामातला तो विक्रम अजून मोडलेला नाही. २००४ मध्ये तो चाळीस वर्षांचा झाला, आणि त्या वर्षी तो दर दहा वेळा बॅट घेऊन उभा राहिला की त्यातल्या सहा वेळा बेसवर पोचत होता. २३२ वॉक मिळाले त्याला, म्हणजे चार बॉल आवाक्याबाहेर पडले म्हणून फुकट मिळालेला पहिला बेस. त्यातले १२० मुद्दाम दिलेले: कॅचर, म्हणजे त्यांचा विकेटकीपर, उठून बाजूला हात पसरून उभा राहणार, पिचर, म्हणजे बॉलर, चार बॉल लांबून टाकणार, आणि हा बॅट टाकून पहिल्या बेसवर चालत जाणार. रेडिओवर तेव्हा फक्त हुर्यो ऐकू यायची. स्टेडियमच्या उजव्या बाजूच्या भिंतीवर लोक दर वॉकला एक रबरी कोंबडी टांगायचे, समोरचे भित्रे आहेत म्हणून. संध्याकाळ संपेपर्यंत तिथे कोंबड्यांची रांग.

डोंबिवलीला फोन करून बाबांना हा प्रकार समजावला होता. म्हटलं, समजा समोर सचिन आला आणि बॉलरने घाबरून सगळे बॉल हाताबाहेर टाकले, आणि पंचाने सचिनला न खेळताच पलीकडच्या टोकाला उभं केलं. बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आणि हे लोक तिकीट काढून बघतात?"

आता ती दुसरी गोष्ट, जी काढल्याशिवाय बाँड्सचं नाव घेताच येत नाही.

आमच्या सॅन मटेओला लागून बर्लिंगेम आहे. तिथे बाल्को नावाची एक प्रयोगशाळा होती. खेळाडूंना पोषक द्रव्यं विकायची असं वरवरचं रूप, आणि २००३ च्या सप्टेंबरमध्ये सरकारी अधिकाऱ्यांनी तिथे छापा घातला. स्टेरॉइडचं प्रकरण. बाँड्सचा व्यायाम करून घेणारा माणूस त्यात अडकला. डिसेंबर २००४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकलने बाँड्सची ग्रँड ज्युरीपुढची, म्हणजे खटला भरायचा की नाही ते ठरवणाऱ्या पंचांपुढची, गुप्त साक्ष छापली. त्याचं म्हणणं असं की त्या माणसाने दिलेलं द्रव्य आणि मलम मी वापरलं खरं, पण मला वाटलं ते जवसाचं तेल आहे आणि मलम सांधेदुखीचं आहे.

जवसाचं तेल! मी पेपर घेऊन हॉलमध्ये गेले आणि नवऱ्याला वाचून दाखवलं. आमच्या घरी जवसाची चटणी दर आठवड्याला होते. नवऱ्याने आजवर एक षटकार मारलेला नाही.

हसलो, पण त्या दिवसापासून घरात एक अडचण झाली. मुलगी नऊ वर्षांची होती. तिने शाळेच्या प्रोजेक्टसाठी बाँड्सचं पोस्टर केलं होतं, त्यावर चकचकीत कागदाचे आकडे चिकटवले होते, ७०३, म्हणजे तोवरचे त्याचे एकूण होम रन. ती विचारायला लागली, आई, तो खोटं बोलतोय का? मी म्हणायची, अजून काही सिद्ध झालेलं नाही. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं की ते मला बँकेतल्या त्या जुन्या साहेबांच्या तोंडचं वाटायला लागलं, जे थकलेल्या प्रत्येक कर्जाबद्दल "वसुली चालू आहे" म्हणायचे. ऑफिसात नवऱ्याला लॉस एंजेलिसचे सहकारी टोचायचे. भिशीत कुणीतरी म्हणायचं, तुमचा तो औषधवाला. आमचा कधी झाला तो, हे विचारायची सोय नव्हती.

आणि मग गुडघा आला.

ऑक्टोबर २००४ मध्ये डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. ३१ जानेवारीला उजव्याचं. १७ मार्चला उजव्याचं पुन्हा. त्याच १७ मार्चला वॉशिंग्टनमध्ये संसदेच्या समितीपुढे मोठमोठे बेसबॉलपटू स्टेरॉइडबद्दल उत्तरं देत, किंवा उत्तरं टाळत, बसले होते. त्यांत बाँड्सला बोलावलेलं नव्हतं. पाच दिवसांनी ॲरिझोनात, स्कॉट्सडेलला, जिथे जायंट्सचं हंगामपूर्व शिबिर असतं, तो कुबड्या घेऊन आला. शेजारी त्याचा मुलगा. पत्रकारांना त्याने सांगितलं की मी थकलोय, माझं कुटुंब थकलंय, तुम्हाला मला खाली पाडायचं होतं ते तुम्ही केलंत. कधी परत येणार? कदाचित अर्धा हंगाम गेल्यावर, कदाचित या वर्षी नाहीच.

मला बरं वाटलं.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. एका माणसाचा गुडघा निकामी झाला, आणि सॅन मटेओतल्या एका स्वयंपाकघरात एका बाईला सुटल्यासारखं वाटलं, कारण आता काही महिने तरी मुलीला उत्तर द्यावं लागणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याची लाजही वाटली. पण पहिल्या दिवशी बरं वाटलं ते वाटलंच.

शेजारच्या आजींना हे कळलं असतं तर त्यांनी बोलणं टाकलं असतं. त्यांचं जायंट्सवरचं प्रेम १९५८ पासूनचं, म्हणजे संघ न्यूयॉर्कहून इकडे आला तेव्हापासूनचं. त्यांच्या मते बॅरी मेमध्ये परत येणार होता, आणि ज्यांना शंका होती त्यांना त्या कुंपणावरून लिंबं देणं बंद करत.

तर असा तो मार्च. हंगामपूर्व सामने रेडिओवर लागायचे सॅन मटेओतल्या दुपारी बाराच्या सुमाराला. त्या सामन्यांचे निकाल कुठेच धरत नाहीत, लग्नाआधीच्या सनई-चौघड्याच्या रंगीत तालमीसारखं ते असतं. पण मी एक करून बसले. डोंबिवलीहून येताना आणलेली, लाल कापडी पुठ्ठ्याची हिशोबाची वही काढली आणि संघाचा ताळेबंद मांडला. बाँड्सशिवाय हे लोक किती सामने जिंकतील? लायब्ररीतल्या एका पुस्तकात ठोकताळा सापडला होता की हंगामात दहा धावा इकडच्या तिकडे झाल्या की साधारण एक विजय इकडचा तिकडे होतो. बँकेतल्या बाईला एवढं पुरे.

सुरुवातीची शिल्लक ९१. आदल्या वर्षी तेवढे जिंकलो होतो, आणि दोन सामन्यांनी लॉस एंजेलिसच्या डॉजर्सच्या, म्हणजे हाडवैऱ्यांच्या, मागे राहिलो होतो. खर्चाच्या बाजूला बाँड्स. तो संपूर्ण वर्षाचा दहा-अकरा विजयांचा माणूस असं मी धरलं, आणि अर्ध्या हंगामात परत येईल या आशेवर पाच-सहा खर्ची टाकले. जमेच्या बाजूला नवी माणसं. मोइझेस अलू, ज्याने शिकागोकडून ३९ होम रन मारले होते. शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधे, ओमार व्हिझकेल, ज्याच्या हातातून चेंडू निसटत नाही असं आजी सांगायच्या. कॅचर माइक मॅथेनी, बॅट बेताची पण हात सोन्याचे. शेवटची इनिंग टाकायला अर्मांडो बेनिटेझ, ज्याने आदल्या वर्षी शेवटपर्यंत आघाडी टिकवून ४७ सामने वाचवले होते. एकेकाचे दीड-दोन विजय धरले. लेफ्ट फील्डला, बाँड्सच्या रिकाम्या जागी, पेड्रो फेलिझ, त्याचे आदल्या वर्षीचे २२ होम रन.

बेरीज आली ९१. म्हणजे काहीच गेलं नाही, काहीच आलं नाही.

आमच्या बँकेत पहिल्या फटक्यात ताळेबंद जुळला की मॅनेजर तो परत तपासायला लावायचे. मीही पान उलटलं, आणि मग लक्षात आलं की घसारा धरलेलाच नाही. अलू ३८ वर्षांचा. व्हिझकेल एप्रिलमध्ये ३८ पूर्ण करणार. मार्की ग्रिसमही तसाच. पहिल्या बेसवरचा जे. टी. स्नो ३७. मॅथेनी ३४, रे डरॅम ३३. संघाचे मॅनेजर फेलिपे अलू तर सत्तरीला टेकलेले, ते मोइझेसचे वडील. बाप बाकावर, मुलगा मैदानात, आणि मुलाचंही रिटायरमेंटचं वय. हा संघ म्हणजे जुन्या यंत्रांचं गोदाम होतं, प्रत्येक यंत्र नामांकित, प्रत्येकाचं तेलपाणी महाग. घसारा पाच विजय लावला आणि पेन्सिलीने लिहिलं: ८६.

नवऱ्याने पान पाहिलं आणि म्हणाला, बाँड्सचे दहाच? मी म्हटलं, त्याचे ४५ होम रन गेले, अलूचे ३९ आले, अजून किती देऊ?

तिथेच चुकले. कशी चुकले ते पुढे सांगते, पण त्याआधी त्या हिशोबाने काय केलं ते सांगायला हवं. ताळेबंद मांडला की प्रत्येक खात्यावर नजर ठेवावी लागते. एप्रिलपासून मला व्हिझकेलची प्रत्येक झेप मोजायची होती, स्नो बॅटिंगला आला की त्याचा घसारा बघायचा होता, नोआ लाउरी नावाचा पोरगेलासा डावखुरा पिचर कितपत टिकतो ते बघायचं होतं. मग वाटण कधी करायचं? पूर्वी नऊपैकी आठ जण माझ्या मिक्सरचे होते. आता कुणाच्या वेळी मिक्सर लावायचा तेच ठरेना. त्या एप्रिलमध्ये आमच्याकडे भाज्या नुसत्या फोडणीच्या झाल्या. नारळ फ्रीझरमध्ये पडून. मुलगी खूश, तिला वाटणाच्या भाज्या आवडत नव्हत्या.

अलू बाप-लेकांचं तर मला वेडच लागलं. फेलिपे आणि त्यांचे दोन भाऊ, तिघे १९६३ मध्ये याच जायंट्सकडून एकाच वेळी आउटफील्डला उभे होते, हे आजींनी कुंपणावर कोपर टेकून सांगितलं. म्हणजे तीन भाऊ एका मैदानात, आणि चाळीसेक वर्षांनी त्यातल्या एकाचा मुलगा त्याच संघात, बापाच्या हाताखाली. मोइझेस त्या हंगामात ३२१ च्या सरासरीने खेळला, म्हणजे हजार संधींत ३२१ यशस्वी फटके. आपल्याकडे परीक्षेत ३२.१ टक्के म्हणजे नापास. बेसबॉलमध्ये ते पहिल्या वर्गातले मार्क आहेत. आणि आजही त्याचं नाव घेतल्यावर लोक विचारतात, कोण?

बाकीचं झटपट सांगते. बेनिटेझच्या मांडीचा स्नायू एप्रिलमध्येच फाटला आणि तो ऑगस्टपर्यंत गेला. २ मे रोजी बाँड्सच्या त्याच गुडघ्यात संसर्ग झाला म्हणून आणखी एक ऑपरेशन. कुंपणावरून लिंबं येत राहिली, पण आजी मेचं नाव काढेनात. ग्रिसमची बॅट चाललीच नाही, आणि हंगाम संपायच्या आत त्याला संघाने निरोप दिला. ८६ च्या जागी ७५.

त्याच मे महिन्यात सचिनच्या कोपराचं ऑपरेशन लंडनला झालं. कॉलिंग कार्डावरच्या मिनिटांत बाबा नुसते कोपराबद्दल बोलत. मी गुडघ्याबद्दल. बाबा म्हणाले, सचिन नसला की समोरच्या बॉलरचा चेहराच बदलतो बघ, बाकी सगळ्यांना मग तो निवांत टाकतो.

फोन ठेवला आणि मी वही काढली.

चूक तिथे होती. मी बाँड्सच्या खात्यात होम रन जमा धरले होते, कारण ते दिसतात. ते १२० मुद्दाम दिलेले वॉक मी कुठल्याच पानावर लिहिले नव्हते. त्यात तो खेळतच नव्हता, नुसता चालत जायचा, मग त्याची नोंद काय करायची? पण त्याचा अर्थ असा होता की २००४ मध्ये जवळजवळ दर सामन्याला समोरचा संघ घाबरून एक माणूस फुकट बेसवर उभा करत होता, आणि मागून येणाऱ्या वयस्क मंडळींना त्याला घरी आणण्याइतकंच, म्हणजे त्याची धाव पूर्ण करण्याइतकंच, काम उरत होतं. स्नोने २००४ मध्ये ३२७ ची सरासरी गाठली होती. २००५ मध्ये तो २७५ वर आला. २००४ मध्ये संघाने ८५० धावा केल्या होत्या, २००५ मध्ये ६४९. दोनशे धावा! ठोकताळ्याप्रमाणे वीस विजय. पिचर मंडळींनी थोडं सावरलं म्हणून सोळावर भागलं. घरातलं करडं माणूस गावाला गेलं की दूधवाल्यापासून सगळे जसे मोकळे होतात, तसे समोरचे पिचर मोकळे झाले होते. धाक हा माल कुठल्याही यादीत नसतो. तो बदली घेता येत नाही, आणि अलूच्या ३९ होम रनांनी तो भरून निघत नाही.

मला ज्याचा कंटाळा यायचा, तो बॅट टाकून चालत जाण्याचा भाग, तोच सगळ्यांत किमती निघाला. बाबांना ही गोष्ट खूप आवडली. त्यांनी पुढे कट्ट्यावर कुणाकुणाला ती सांगितली, आणि सांगता सांगता बाँड्सचा डॉन ब्रॅडमन करून टाकला.

एका प्रश्नाचं उत्तर मात्र वहीत मिळालं नाही. तो धाक औषधाचा होता की हातांचा? २०११ मध्ये ज्युरीने त्याला न्यायाच्या कामात अडथळा आणल्याबद्दल दोषी धरलं, खोट्या साक्षीच्या आरोपांवर त्यांचं एकमत झालं नाही, आणि २०१५ मध्ये वरच्या कोर्टाने तो अडथळ्याचा निकालही रद्द केला. बेसबॉलमधल्या थोरांच्या, कूपरस्टाउनच्या हॉल ऑफ फेमसाठी पत्रकारांची ७५ टक्के मतं लागतात. दहाव्या आणि शेवटच्या वर्षी, २०२२ मध्ये, त्याला ६६ टक्के मिळाली. मुलगी आता तिशीला आली, आणि तिचं मत पक्कं आहे: घेतलं, माहीत असून घेतलं. माझं अजूनही दर मार्चला थोडं बदलतं.

ऑगस्ट २००५ च्या अखेरीला वीस वर्षांचा मॅट केन नावाचा पिचर पहिल्यांदा संघात आला. हंगाम हातचा गेलेला, रेडिओ ऐकणारे आम्ही थोडेच उरलेलो, आणि मी त्याचा पहिला चेंडू ऐकला. २०१० मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोत आल्यापासूनच्या पहिल्या विजेतेपदाच्या वेळी, तो त्या संघाचा खांब होता. तेव्हा मला जे वाटलं ते शेजारच्या मुलाला पाळण्यापासून पाहिलेलं असतं तसं होतं. २००५ मध्ये बाँड्स रोज खेळत असता तर त्या संध्याकाळी मी बाँड्सची पाळी येईपर्यंत काहीतरी वाटत बसले असते.

१२ सप्टेंबर २००५, सोमवार. सॅन दिएगोविरुद्ध तो परतला. आजींनी रेडिओ घेऊन आमच्याकडेच यायचं ठरवलं होतं, त्यामुळे स्वयंपाकघरात दोन रेडिओ, एकाच वाक्याचे दोन आवाज. मुलगी गृहपाठ टाकून ओट्याशी. तो बॅट घेऊन आला तेव्हा स्टेडियमचा आवाज इतका चढला की समालोचन ऐकूच येईना. चेंडूंवर चेंडू, फाउलवर फाउल, आणि मग लांब फटका, डबल, म्हणजे थेट दुसऱ्या बेसवर. आजींनी मला मिठी मारली. मुलगी ओरडली आणि लगेच, आपण ओरडलो म्हणून, गप्प झाली. मीही ओरडले होते.

मग आवाज हळूहळू खाली आला. पुढचा बॅट्समन येत होता. माझ्या उजव्या हाताला भांड्यात खोबरं, मिरच्या आणि कोथिंबीर भरून तयार होती, पाच महिन्यांनी पहिल्यांदाच, आणि ती मी केव्हा भरली ते मला कळलंही नव्हतं. मी झाकण दाबलं आणि बटण फिरवलं.

पुढचा बॅट्समन कोण होता ते मला आजही आठवत नाही.